गोटी कोणी सोडली

१

ठोकूनानांना ठोकूनाना म्हणायचे त्याला दोन कारणं. एक, जन्मभर सुतारकी केली, म्हणजे दिवसभर हातोडी चालू. दुसरं, हातोडी थांबली की तोंड चालू, आणि तेही ठोकूनच. कुणाच्या छत्रीत वाटाणे भर, कुणाच्या खुर्चीचा एक पाय बोटभर तासून ठेव, कुणाला फोन करून "तुमच्या घरासमोर तुमचंच घर कुणीतरी बांधतंय" म्हणून सांग, असल्या उद्योगांत त्यांची हयात गेली. शाळेशी त्यांचं चौथीतच बिनसलं होतं. त्याचा त्यांना खेद नव्हता. खेद शाळेला असावा, असं त्यांचं मत.

लेक स्कूटरवरून पडली, पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत पट्टी नि स्क्रू घालून वर प्लास्टर चढलं. "पाय जमिनीला टेकवलात तर पुन्हा पहिल्यापासून, आणि मग पाय पहिल्यासारखा मिळेलच असं नाही," असा दम डॉक्टरांनी भरला. तेव्हा नाना मदतीला म्हणून लेकीकडे राहायला आले. येताना कपड्यांची एक पिशवी आणि अवजारांनी लादलेलं एक अख्खं बाकडं घेऊन आले. घर तिसऱ्या मजल्यावर. पुढची खोली, मग लांबट पॅसेज, त्यात चपलांचं कपाट आणि हात धुवायचा नळ, आणि टोकाला लेकीची खोली.

जावई कॉलेजात गणित शिकवायचे. नाना त्यांना समोर 'जावईबापू' म्हणत आणि चिडवायचं असलं की 'मास्तर'. म्हणजे बहुतेक वेळा मास्तरच. दर रविवारी दुपारी पुढच्या खोलीत मास्तरांचा वर्ग भरे. कसला, तर लोज्बान भाषेचा.

"लोबान?" नाना पहिल्याच दिवशी म्हणाले. "तो जाळतात. बोलतात कधीपासून?"

"लोज्बान, नाना. माणसांनी बसून, ठरवून, नियम लावून तयार केलेली भाषा. कुणाचीच मातृभाषा नाही."

"म्हणजे अनाथ. बरं केलंत, घरात घेतलीत."

वर्गात धड चार टाळकी. त्यातला पुढे पुढे करणारा म्हणजे एक विमावाला. आगी आणि अपघात कशाने झाले याची चौकशी करण्यात त्याचे केस पिकलेले. आणि एक नर्सबाई. बाकीचे येत-जात असायचे.

त्या रविवारी धडा होता 'म्हणून'चा. मास्तर सांगत होते, "पेला पडला म्हणून फुटला. राग आला म्हणून फोडला. तडा गेला होता म्हणून टाकून दिला, ते योग्यच झालं. काचेचा आहे, म्हणून लाकडाचा नाही. चारी ठिकाणी आपण 'म्हणून' म्हणून मोकळे होतो. लोज्बान तसं होऊ देत नाही. वस्तूने वस्तूला ढकललं, तर रिंका. मनातल्या हेतूने केलं, तर मुक्ती..."

"थांबा मास्तर!" नाना खिडकीशी मांडलेल्या आपल्या बाकड्यावर रंधा ठेवत म्हणाले. "मुक्ती म्हणजे हेतू? आमच्याकडे सगळे हेतू संपले की मग ती मिळते!"

विमावाला खोखो हसला. मास्तर हसले नाहीत, कारण वाक्य अर्धवट राहिलं की त्यांना शिंक अडल्यासारखं व्हायचं. "समर्थन देता येत असेल तर क्रिनु. नियमानेच निघत असेल तर निब्ली. आणि यांच्या पलीकडे बापली. म्हणजे एखाद्या जोराने घडायलाच लावलं. दुसरं काही होण्याची सोयच ठेवली नाही."

"हा शब्द आवडला. बाप सांगेल ते मुकाट्याने करायचं."

"कधी केलंय आम्ही?" आतल्या खोलीतून लेक ओरडली.

२

विद्यार्थ्यांना हे डोळ्यांनी दाखवावं म्हणून मास्तरांनी नानांना एक यंत्र बनवायला सांगितलं. नानांनी आठवडाभर खपून लांब टेबलावर साखळी उभी केली. पन्हळीतून काचेची गोटी घरंगळायची, तरफेवर पडायची, तरफ पहिल्या फळकुटाला टोला द्यायची, मग उभ्या फळकुटांची रांग एकापाठोपाठ आडवी होत जायची, आणि शेवटचं फळकूट एका इवल्या हातोडीवर पडून पितळी घंटी वाजवायचं. टिण्. गोटी सोडायचा मान अर्थातच नानांचा.

पुढच्या रविवारी दोनदा झकास वाजली. प्रत्येक टप्प्याला विद्यार्थी कोरसमध्ये "रिंका!" म्हणत होते. नानांना ते फार सुरळीत वाटलं. सुरळीत गोष्टी त्यांना सहन होत नसत. तिसऱ्या खेपेला त्यांनी रांगेतल्या मधल्या फळकुटाखाली गुपचूप मेण दाबलं. आता साखळी अर्ध्यावर अडणार, मास्तर डोकं खाजवणार, आणि विमावाला चौकशी लावणार.

गोटी घरंगळली. तरफ उडाली. फळकुटं पडत गेली आणि मेणावरचं फळकूट ताठ उभं राहिलं. त्याच्या पुढची सगळीही उभीच.

टिण्.

घंटी वाजली.

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं, मग टाळ्या पिटल्या. "नाना, दोरा कुठे लपवलाय?" विमावाला टेबलाखाली वाकून बघू लागला. नर्सबाई म्हणाल्या, "या वयात किती हो उचापती!"

नानांनी मिशीतल्या मिशीत हसून पावती घेतली. फुकटचं श्रेय त्यांनी आजवर कधी नाकारलेलं नव्हतं. पण हसताना त्यांचं लक्ष त्या हातोडीवर होतं. ती जागची हललेली नव्हती.

३

घाबरायला एक तर अक्कल लागते नाही तर फुरसत, आणि आपल्याकडे दोन्ही नाही, असं नाना म्हणत. दुसऱ्या दिवशी मास्तर कॉलेजला गेले, लेक आपल्या खोलीत आडवी झाली, तेव्हा नानांनी टेबल ताब्यात घेतलं. रस्त्यावरून ट्रक गेला असेल, टेबल हादरलं असेल. लाकूड हवेने फुगतं, आवळतं. पन्नास वर्षं लाकडात काढलेल्या माणसाला लाकडाने काय शिकवायचं?

त्यांनी हातोडी काढूनच ठेवली. घंटीभोवती पंचा गुंडाळला. गोटी सोडली.

पंच्याच्या आतून दबका आवाज आला. टिण्. आणि नानांनी हुश्श म्हणायच्या आत भिंतीवरच्या खुंटीला अडकवलेली छत्री हलली. हलली म्हणजे काय, कुणीतरी जाता जाता खांदा लागावा तशी झुलली आणि थांबली.

वारा, नाना म्हणाले. मोठ्याने म्हणाले. खिडकी बंद होती.

त्यांनी छत्री काढून कोपऱ्यात आडवी टाकली आणि पुन्हा गोटी सोडली. छत्रीचा प्रश्नच उरला नाही, पण पॅसेजमधल्या चपलांच्या कपाटाचं दार करकरत उघडलं. बिजागरी ढिली असणार. नानांनी तीन नवे स्क्रू पिळले, वर सुतळी बांधली. पुन्हा गोटी. कपाट गप्प राहिलं, आणि नळ भसकन सुटून पुन्हा बंद झाला. नानांनी नळाचा वॉशर बदलला. तो खरोखरच झिजलेला होता, आणि झिजलेला वॉशर हातात धरून नाना इतके खूश झाले की जणू चोर सापडला. दुसऱ्या दुपारी त्यांनी पुन्हा गोटी सोडली. घंटी, मग काही नाही, मग काही नाही. नाना हात झटकणार इतक्यात पॅसेजच्या टोकाचं दार बोटभर उघडलं.

"बाबा, आलात?" आतून लेकीचा आळसावलेला आवाज.

"नाही गं. म्हणजे हो. चहा घेतेस?"

नानांच्या लक्षात आलं. त्यांनी केलेली एकही दुरुस्ती कच्ची नव्हती. सुतळी सुटली नव्हती, वॉशर गळला नव्हता. जे काय होतं ते दुरुस्तीला वळसा घालून पुढे जात होतं, पाणी दगडाला वळसा घालतं तसं. आणि दर खेपेला, पटावरची सोंगटी सरकावी तसं, एक घर पुढे.

मग सोडायची कशाला गोटी? हे त्यांनी स्वतःला विचारलंही. पण दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसा हात पन्हळीकडे जायचा. आणि बघून घ्यायचंच अशी ईर्षाही होती. नानांना तरी तसं वाटत होतं.

४

रविवारी त्यांनी वर्गाला सगळं सांगितलं. एक शब्द पदरचा न घालता सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच, आणि नेमकं तेव्हाच कुणी विश्वास ठेवला नाही.

"नाना, तुम्ही गंभीर झालात की जास्तच हसू येतं," विमावाला म्हणाला.

"मग बघा!" म्हणून नानांनी गोटी सोडली.

घंटी. छत्री कोपऱ्यातच होती, पण खुंटी भिंतीत गरकन फिरली. कपाटाचं दार सुतळी ताणून थरथरलं. नळ भसकन. आणि टोकाचं दार, सावकाश, पूर्ण सताड.

टाळ्या वाजल्या. मग विमावाला उठून शोधाशोध करायला लागला. धागा नाही, तार नाही, चुंबक नाही. तो पॅसेजमधून परत आला तेव्हा त्याचा चेहरा कामावरचा झाला होता.

"मी जळालेले कारखाने बघितलेत, नाना. ठिणगी एका टोकाला, राख दुसऱ्या टोकाला. पण मधे काहीतरी सापडतंच. इथे मधे काही नाही."

मास्तरांनी फळ्यावर पाच शब्द लिहिले आणि एकेक पुसायला घेतला. वस्तू वस्तूला लागलेली नाही, तेव्हा रिंका नाही. नियम कुठला, समर्थन कसलं? दोन शब्द गेले. हेतू म्हणावा, तर तो कुणाचा? शेवटी एकच राहिला, बापली.

"जोर," नाना म्हणाले. "पण जोर कुणाचा, मास्तर?"

"ती जागा वाक्यात मोकळी ठेवता येते."

"म्हणजे तिथे कोणी नाही."

"तसं नाही होत." मास्तर खडूकडे बघत बोलत होते. "या भाषेत जागा भरली नाही म्हणजे ती रिकामी असते असं नाही. तिथे असतं कोणीतरी. आपण फक्त नाव घेतलेलं नसतं."

तेवढ्यात नर्सबाई आतून आल्या. दार उघडलं म्हणून त्या सहज पेशंटला बघायला गेल्या होत्या.

"ताई उठून बसल्या होत्या," त्या म्हणाल्या. "पलंगाच्या कडेला. दोन्ही पाय खाली. प्लास्टरचासुद्धा, जमिनीला टेकलेला. मी ओरडले तर मलाच म्हणतात, मी कधी खाली घेतले पाय?"

नानांनी टेबलाकडे पाहिलं, मग पॅसेजकडे. दारानंतरचं पुढचं घर कोणतं, ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

५

आता मात्र नानांनी कंबर कसली. रडत बसणं त्यांच्या पिंडात नव्हतं. मास्तरांनी डॉक्टरांना फोन केला, डॉक्टर म्हणाले झोपेत होतं असं कधीकधी. नाना म्हणाले, "तुम्ही फोन करा, मी यंत्र मोडतो." तरफ, पन्हळ, फळकुटं, सगळं करवतीने तुकडे तुकडे करून खाली कचऱ्यात नेऊन टाकलं. घंटी भंगारवाल्याला दिली. राहिली फक्त गोटी. ती टाकून द्यायला त्यांचं मन होईना. टाकायची म्हणजे सोडायचीच की! ती त्यांनी खिशात ठेवली.

दुसऱ्या दुपारी मास्तर कॉलेजला गेल्यावर नानांनी लेकीला चाकाच्या खुर्चीत बसवून पुढच्या खोलीत, आपल्या नजरेसमोर आणलं. खिडकीशी, बाकड्याजवळ.

"संपलं," नाना म्हणाले. "साखळीच नाही, तर पुढचं घर कुठलं?"

"अरेरे. मोडलंत?" लेकीला खरंच वाईट वाटलं. "मला किती मजा यायची! पडल्या पडल्या खिडकीतून बघायचे, ऐकायचे. केवढी तयारी केली होतीत बाबा. ती समोरच्या गच्चीवरची टाकी कशी काय जमवलीत?"

"कुठली टाकी?"

"चला! माझ्यासमोर तरी सोंग नको. आधी त्या टाकीचं झाकण धप्पकन पडायचं. मग खालच्या बंद दुकानाचं शटर खडखडायचं. मग खांबाला टेकवलेली सायकल पडायची. मग आपलं फाटक, मग जिन्याचं दार. आणि मग तुम्ही गोटी सोडायचात. दर वेळी, एकदाही न चुकता. मी मनात म्हणायचे, आता बाबा. की लगेच, टिण्!"

नाना हसले. लेक हसतेय तर बापाने हसायला नको? पण हसता हसता त्यांनी खिडकीतून समोरच्या गच्चीकडे पाहिलं. इतके दिवस ते समजत होते की साखळीचं पहिलं टोक आपल्या चिमटीत आहे. आपण सोडतो, मग ती सुरू होते. बघून घ्यायचंच, ही आपली ईर्षा.

समोरच्या गच्चीवर धप्प आवाज झाला.

"हे बघा!" लेक टाळी वाजवून म्हणाली. "आणि म्हणे मोडलं!"

६

नानांनी विचार करायला वेळ घेतला नाही. साखळी अडवायची तर मधे पाचर मारायची, आणि मधली कडी आपण आहोत. गोटी खिशात नव्हती. ती उजव्या मुठीत होती. कधी घेतली हे त्यांना आठवलं नाही. ते मूठ उघडून बघत बसले नाहीत. सरळ बाकड्याच्या शिकंज्यात मूठ घातली आणि डाव्या हाताने दांडा पिळला. लोखंडी जबडे बोटांवर आवळले.

"बाबा, हे काय?"

"गंमत. गप्प बस."

खाली शटर खडखडलं. सायकल पडली. फाटक. जिन्याचं दार. मग शांत.

बोटं उघडायला बघत होती. दुखत नव्हती, ओढत नव्हती, नुसती उघडायला बघत होती, कळी उघडावी तशी. शिकंजा हूं की चूं न करता धरून होता. नानांच्या कपाळावर घाम फुटला आणि हळूहळू मुठीतला जोर ओसरला. गेला. नानांनी मान मागे टाकून असं हसू सोडलं की वरच्या मजल्यावरच्यांनी ऐकलं असेल.

"बघितलंस? चौथी नापासाने अडवलं! सांग तुझ्या मास्तरांना!"

टक्.

प्लास्टरचा पाय फरशीवर वाजला. लेक उभी होती.

"बाबा," ती म्हणाली. "मी नाही उठले."

टक्. तिचा चेहरा नानांकडे वळलेला होता, लहानपणी ताप आला की व्हायचा तसा. बाकीचं अंग बाहेरच्या दाराकडे चाललं होतं. टक्. तिने कडी काढली. "बाबा, धरा ना मला. धरा ना!"

नानांनी दांडा पिळला. घाईत उलटा पिळला. जबडे आणखी आवळले आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. त्यांनी शिवी हासडली, सुलटा पिळला, मूठ ओढून काढली आणि धावले.

ती जिन्याच्या माथ्यावर होती. प्लास्टरचा पाय पहिल्या पायरीवर, पुढे, हवेत. नानांनी तिच्या कमरेला मिठी घातली. या हातांनी सागवानी दारं एकट्याने चढवली होती. पण ती थांबेना. झगडत नव्हती, झटकत नव्हती. उतारावर लागलेली भरली गाडी धरावी तसं होतं. नानांच्या चपला फरशीवर सरकू लागल्या.

आणि अगदी त्या काठावर त्यांना सुताराची अक्कल सुचली. अडवलेलं पाणी घर पाडतं. त्याला वाट द्यावी. घरातून नाही, बाहेरून.

जिन्यावर मूठ लांब धरून त्यांनी बोटं उघडली.

गोटी पहिल्या पायरीवर वाजली, दुसऱ्या पायरीवर वाजली, वळणावर भिंतीला लागली आणि खाली गेली. लेकीचं अंग एकदम जड झालं. नाना तिला घेऊन मागे फरशीवर बसले. पाय वर होता. पाय शाबूत होता.

खालचं जिन्याचं दार आपटलं. मग फाटक. मग काहीतरी पलीकडच्या रस्त्यावर, मग त्याच्याही पलीकडे, बारीक होत होत. शेवटी कुठेतरी लांब, कुणाच्या तरी घरात एक घंटी वाजल्यासारखं वाटलं, आणि पाठोपाठ चार माणसं हसल्यासारखी. कुणीतरी तिथेही फुकटचं श्रेय घेत असणार.

मग लेकीने डोळे पुसले आणि विचारलं, "बाबा, गोटी तुम्ही सोडलीत, की सुटली?"

"सोडली," नाना म्हणाले. आवाज खणखणीत होता. "मी सोडली. तुझ्यासाठी सोडली. आपल्या मनाने."

"नक्की?"

"म्हणजे काय! बापाला विचारतेस?"

तिने त्यांचा उजवा हात आपल्या हातांत घेतला. शिकंज्याचे वळ उमटले होते आणि पाची बोटं ताठ पसरलेली होती. तिने हळूच अंगठा आत मिटवला, मग करंगळी, मग मधली तिन्ही, आणि वरून आपली ओंजळ दाबून धरली.

"आता मिटून ठेवा बघू," ती म्हणाली, आणि हात काढला.

बोटं उघडली.

"खोडी नका काढू ना बाबा."

"नाही गं," नाना म्हणाले, आणि आपल्या हाताकडे बघत राहिले.